पांढरं सोनं : एका मिश्रधातूचा इतिहास

विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या मंडळींना आजचा विषय सांगितला की त्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा कापूस येतो. आपल्याकडे ‘पांढरं सोनं’ म्हणजे कापूस, हे शाळेच्या पुस्तकापासून डोक्यात बसलेलं आहे. आज आपण बोलणार आहोत ते खऱ्या सोन्याबद्दल, सराफाच्या काउंटरवर ‘व्हाइट गोल्ड’ या नावाने मिळणाऱ्या धातूबद्दल.

या धातूबाबत एक तक्रार नेहमी ऐकू येते. साखरपुड्याला घेतलेली हिऱ्याची अंगठी पहिल्या वर्षी आरशासारखी पांढरी असते. दोन वर्षांनी बोटाच्या आतल्या बाजूला, कडांना, पिवळट झाक दिसायला लागते. घरात लगेच शब्द निघतो : फसवलं. पिवळेपणा हा सोन्याचा गुणच, तो दिसल्यावर सोनं खोटं ठरावं, हा उलटा न्याय झाला. पण तक्रारीत तथ्य अजिबात नाही असंही म्हणता येणार नाही. हा धातू कुठून आला, कशासाठी बनवला गेला, त्यात काय काय असतं, हे कळल्याशिवाय याचा निवाडा करता येणार नाही. म्हणून थोडं मागे जाऊ या. बरंच मागे.

हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. लिडिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग, तिथला राजा क्रीसस याने डेल्फीच्या देवस्थानाला काय काय अर्पण केलं याची यादी त्याने दिली आहे. त्यात सोन्याच्या विटा आहेत, एकूण ११७. पैकी चार शुद्ध केलेल्या सोन्याच्या, प्रत्येकी अडीच टॅलंट वजनाच्या. बाकीच्या ‘पांढऱ्या सोन्याच्या’, प्रत्येकी दोन टॅलंट. हे शब्द त्याचेच आहेत, पांढरं सोनं. आणि विटांची लांबी-रुंदी-जाडी तो एकच देतो.

आता इथे आपण कागद-पेन्सिल घेऊ या. आकार सारखा आणि वजन अडीचास दोन, म्हणजे पांढऱ्या विटेची घनता शुद्ध सोन्याच्या चार पंचमांश. शुद्ध सोन्याची घनता १९.३, तिचे चार पंचमांश साधारण १५.४. चांदीची घनता १०.५. सोनं आणि चांदी किती प्रमाणात मिसळली तर १५.४ येईल? उत्तर येतं साधारण ७० भाग सोनं, ३० भाग चांदी. हेरोडोटसची सगळी मापं एकमेकांशी जुळतात असा आमचा दावा नाही. विटांचा आकार आणि वजन यांचा मेळ बसवताना अभ्यासकांची दमछाक होते. पण हे गुणोत्तर मात्र नेमकं बसतं, कारण पॅक्टोलस नदीच्या वाळूत मिळणारं सोनं जन्मतःच चांदीमिश्रित असे. त्यालाच इलेक्ट्रम म्हणतात. जगातली सर्वांत जुनी नाणी याच धातूची, याच प्रदेशातली, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातली.

त्या नाण्यांत एक मौज आहे. नदीतल्या सोन्यात चांदी जेवढी असते त्यापेक्षा नाण्यांत ती बरीच जास्त सापडते. अनेक लिडियन नाण्यांत सोनं जेमतेम ५५ टक्के भरतं. म्हणजे चांदी मुद्दाम घातलेली आहे. रंग फिकट होतोच, तो आणखी थोडा फिकट झाला तर कोणाच्या लक्षात येतंय? क्रीससच्या काळात मग सोनं आणि चांदी वेगळी करण्याचं तंत्र सार्डिसला वापरात आलं. १९६० च्या दशकात तिथल्या उत्खननात त्या कामाच्या भट्ट्या सापडल्या आहेत. मीठ घालून तापवत ठेवलं की चांदी सोन्यातून निघून जाते. शुद्ध सोन्याचं वेगळं आणि चांदीचं वेगळं नाणं तिथून सुरू झालं. तेव्हा पांढऱ्या सोन्याच्या इतिहासाचा पहिला अध्याय संशयाचाच आहे, आणि तो संशय पुढे अडीच हजार वर्षं त्याची पाठ सोडत नाही.

पण चांदीने सोनं खरोखर पांढरं होतं का? फार नाही. सोन्याचा पिवळेपणा येतो कुठून, तर सोनं प्रकाशातला निळा भाग शोषून घेतं आणि उरलेला परत पाठवतं. सोन्याचा अणू इतका जड, की त्याचे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने धावतात, आणि त्यामुळे ऊर्जेच्या पायऱ्यांमधलं अंतर कमी होतं. चांदीत तेच शोषण अदृश्य अतिनील भागात होतं, म्हणून ती पांढरी. आता १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं. उरलेले २५ टक्के नुसती चांदी घातली तर रंग येतो हिरवट पिवळा, कच्च्या लिंबासारखा. पांढरा येत नाही. त्यासाठी चांदी इतकी घालावी लागते की सोनं म्हणायला जीभ रेटत नाही.

सोन्याचा रंग थोडक्यात मारणारे धातू मोजके आहेत. प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि निकेल हे त्यातले मुख्य.

प्लॅटिनमची कथा तर अशी की कादंबरीकारालाही सुचू नये. स्पॅनिश लोकांना दक्षिण अमेरिकेत, आजच्या कोलंबियात, सोनं धुताना पांढरे जड कण सापडत. ते वितळत नसत. त्यांनी त्याला नाव दिलं ‘प्लाटिना’, म्हणजे छोटी चांदी, नावातच हेटाळणी. वजनाला सोन्याइतकं, किंबहुना थोडं जास्तच जड असल्यामुळे सोन्यात भेसळ करायला हे फार सोयीचं. म्हणून सरकारी हुकमाने हा माल नदीत फेकून दिला जाई. आज ज्याची नक्कल म्हणून पांढरं सोनं बनवतात, ते प्लॅटिनम एके काळी सोन्यातली भेसळ म्हणून पाण्यात गेलं!

आणि त्याच किनाऱ्यावर, थोडं दक्षिणेला, आजच्या इक्वेडोरच्या ला तोलिता भागात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी या कणांचं काय केलं होतं बघा. प्लॅटिनम वितळतं १७६८ अंश सेल्सियसला. कोळसा आणि फुंकणी यांनी ते तापमान गाठणं अशक्य. सोनं मात्र १०६४ अंशांना वितळतं. त्यांनी प्लॅटिनमचे कण आणि सोन्याची भुकटी एकत्र केली, तापवली. सोनं वितळून कणांच्या मधे शिरलं, कण एकमेकांना चिकटले. मग ठोकायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं. असं करत करत एकजीव पांढुरका पत्रा तयार. डॅनिश अभ्यासक पॉल बर्गसो यांनी १९३० च्या दशकात या वस्तू तपासून ही पद्धत उलगडली. पांढऱ्या सोन्याच्या शोधाचं श्रेय कोणाला द्यायचं असेल तर आम्ही या अनाम कारागिरांना देऊ. पेटंटं नंतर आली.

पॅलॅडियमचा जन्मही वादातच झाला. विल्यम वॉलस्टन हा लंडनचा रसायनशास्त्रज्ञ. प्लॅटिनमच्या खनिजातून त्याला १८०२ मध्ये एक नवा धातू मिळाला. त्याने शोधनिबंध लिहिला नाही. लंडनच्या सोहो भागातल्या एका दुकानात तो धातू चक्क विकायला ठेवला, निनावी पत्रक छापून, की ‘नवी चांदी’ उपलब्ध आहे. रिचर्ड चेनेविक्स नावाच्या दुसऱ्या रसायनज्ञाला हा लबाडीचा प्रकार वाटला. त्याने शिल्लक माल विकत घेतला, तपासला आणि जाहीर केलं की हे नवं मूलद्रव्य वगैरे काही नाही, प्लॅटिनम आणि पारा यांचं मिश्रण आहे. वॉलस्टनने १८०५ मध्ये आपलं नाव उघड केलं तेव्हा चेनेविक्सची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. मधल्या काळात, १८०४ मध्ये, वॉलस्टनने आणखी एक धातू जाहीर केला होता : ऱ्होडियम. या ऱ्होडियमकडे आपल्याला परत यायचं आहे.

निकेलचं त्यामानाने सरळ आहे. स्वीडनच्या क्रोनस्टेटने ते १७५१ मध्ये वेगळं केलं. जर्मन खाणकामगारांना तांब्यासारखा दिसणारा पण तांबं न देणारा दगड मिळे. तो भुताटकीचा समजून त्यांनी त्याला जे नाव दिलं, त्यातूनच ‘निकेल’ आलं.

आता विसाव्या शतकात येऊ. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींमुळे हिरे मुबलक झाले होते. पिवळ्या कोंदणात हिऱ्यावर पिवळी छटा पडते. चांदीच्या कोंदणात पडत नाही, पण चांदी काळी पडते आणि मऊही असते. ऑक्सिजनची ज्योत सोनारांच्या हातात आल्यावर प्लॅटिनम वितळवता येऊ लागलं आणि हा प्रश्न सुटला. पॅरिसचे कार्टिए आणि इतर पेढ्या प्लॅटिनममध्ये लेससारखं नाजूक काम करू लागल्या. १९०० ते १९१४ हा प्लॅटिनमच्या दागिन्यांचा वैभवकाळ.

मग युद्ध आलं. प्लॅटिनमचं आणि स्फोटकांचं नातं इथे समजून घ्यायला हवं. स्फोटकांना नायट्रिक आम्ल लागतं. ओस्टवाल्ड पद्धतीत अमोनिया आणि हवा यांचं मिश्रण प्लॅटिनमच्या तापलेल्या जाळीवरून नेलं की त्यापासून नायट्रिक आम्ल बनवता येतं. सल्फ्युरिक आम्लाच्या संपर्क पद्धतीतही तेव्हा प्लॅटिनमच लागे. आणि जगातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास प्लॅटिनम येत होतं रशियातून, उरल पर्वतातून. १९१७ मध्ये तिथे क्रांती झाली आणि पुरवठा कोलमडला. १९१८ मध्ये अमेरिकन सरकारने देशातले प्लॅटिनमचे साठे नियंत्रणाखाली घेतले. प्लॅटिनमचे दागिने वापरू नका, असं आवाहन बायकांना केलं गेलं. दुसऱ्या महायुद्धातही अमेरिकेत दागिन्यांसाठी प्लॅटिनम बंद झालं.

म्हणजे मागणी पांढऱ्या धातूची, आणि पांढरा धातू लढाईवर गेलेला. जर्मनीत फोर्झहाइम या सोनारांच्या गावात आणि अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये या सुमारास पर्यायी मिश्रधातूंवर काम चालू होतं. न्यूयॉर्कच्या डेव्हिड बेलेस यांना १९२० मध्ये पेटंट मिळालं : तीन चतुर्थांश किंवा थोडं अधिक सोनं, बाकी निकेल आणि जस्त. तेव्हाच्या अंगठ्यांवर ‘१८ कॅरेट बेलेस’ असा ठसा आजही जुन्या बाजारात सापडतो. आपण आज जे पांढरं सोनं म्हणतो त्याची ही वंशावळ. ते टंचाईचं लेकरू आहे.

मिश्रण कसं असतं ते जरा तपशिलात बघू. निकेलच्या जातीचं एक नेहमीचं १८ कॅरेटचं मिश्रण असं : सोनं ७५, निकेल १७ च्या आसपास, जस्त साडेपाच, तांबं दोन-सव्वादोन टक्के. निकेल रंग मारतं. पण निकेलमुळे धातू दगडासारखा कडक होतो, म्हणून थोडं तांबं. तांब्याने लाली येते, ती झाकायला जस्त. जस्त जास्त झालं तर वितळवताना धूर होऊन उडतं, कारण ते ९०७ अंशांनाच उकळतं, सोनं वितळायच्या आधी. प्रत्येक घटक आधीच्या घटकाची खोड काढायला आलेला. पॅलॅडियमच्या जातीत ७५ टक्के सोन्याबरोबर दहा ते पंधरा टक्के पॅलॅडियम आणि उरलेली बहुतांश चांदी. ही जात मऊ, लवचीक, कोंदणकामाला फार गुणी. रंग मात्र किंचित करडा.

कारागिराच्या दृष्टीने निकेलची जात तापट. तार ओढताना, पत्रा लाटताना पटकन ताठरते. मधे मधे तावून मऊ करावी लागते, आणि तावायला चुकलं तर तडकते. १९२० च्या दशकातल्या त्या जाळीदार अंगठ्या बऱ्याच वेळा पोलादी ठशात दाबून काढलेल्या असत, त्यामागे हेही कारण. हिरा धरून ठेवणाऱ्या बारीक नख्या या कडकपणामुळे चांगल्या टिकतात, पण क्लोरीनच्या पाण्यात, म्हणजे पोहण्याच्या तलावात, त्याच नख्यांना सूक्ष्म चिरा पडू शकतात. अंगठी काढून पोहायला उतरा, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

जाता जाता : याच दोन धातूंचं, ८२ भाग सोनं आणि १८ भाग निकेल असं मिश्रण जेट इंजिनाचे भाग आणि निर्वात नळ्या झाळायला वापरतात. ते बरोबर ९५० अंशांना एकदम वितळतं आणि भेगेत पाण्यासारखं पळतं. तिथे त्याच्या रंगाची पंचाईत कोणी करत नाही.

मग निकेलचा खरा दोष पुढे आला, कातडीचा. घामात निकेलचे कण सुटतात आणि काही जणांच्या अंगावर खाज, लाल चट्टे, इसब उठतं. एकदा शरीराने निकेलशी वैर धरलं की ते जन्मभराचं. हे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त, आणि मोठं कारण कान टोचणं. ताज्या जखमेत निकेलची तार बसली की शरीर तिला शत्रू म्हणून ओळखायला शिकतं. डेन्मार्कने आधी नियम केला. १९९४ मध्ये युरोपीय संघाने निर्देश काढला. त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला अर्ध्या मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये. टोचलेल्या भागातल्या दागिन्यांना त्याहून कडक मर्यादा, ०.२. युरोपातले सोनार मोठ्या प्रमाणावर पॅलॅडियमकडे वळले ते यामुळे.

पण पॅलॅडियमला तोपर्यंत दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं : पेट्रोल गाड्यांच्या धुराड्यातला शुद्धीकरणाचा डबा. २०१९ नंतर काही वर्षं पॅलॅडियम सोन्यापेक्षा महाग होतं. सोनं पांढरं करायला घातलेलं ‘हीण’च सोन्याहून महाग! हिणकस या शब्दाची अशी फजिती भाषेच्या इतिहासात क्वचितच झाली असेल.

तेव्हा बाजाराने सोपा रस्ता धरला. रंग मारणारा धातू कमी घालायचा, मिश्रण थोडं पिवळसरच राहू द्यायचं आणि वरून ऱ्होडियमचा मुलामा द्यायचा. हा मुलामा सहसा अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढाही नाही. अंगठी दिवसभर भांड्यांना, दाराच्या कडीला, कीबोर्डला घासते. एक-दोन वर्षांत तो उडतो. कानातल्याचा बरीच वर्षं टिकतो, कारण त्याला कोणी घासत नाही. ‘पांढरं’ कशाला म्हणायचं हेही अखेर मोजून ठरवावं लागलं. २००५ च्या सुमारास व्यापारी संघटनांनी पिवळेपणाचा निर्देशांक घेऊन तीन प्रती ठरवल्या. निर्देशांक १९ च्या खाली असेल तर पहिली प्रत, मुलाम्याची गरज नाही. २४.५ च्या वर असेल तर तिसरी, मुलामा हवाच. ३२ च्या पुढे गेला तर त्याला पांढरं म्हणायचंच नाही.

आमचं मत विचाराल तर सुरुवातीच्या तक्रारीचं उत्तर इथे आहे. पिवळी पडलेली अंगठी खोटी नसते. पण ती तिसऱ्या प्रतीची होती आणि मुलाम्याने पहिल्या प्रतीची दिसत होती, हे विकताना सांगितलं नसेल, तर गिऱ्हाइकाचा राग चुकीचा म्हणता येणार नाही.

आपल्याकडे हा धातू उशिरा रुळला, त्याला कारणं आहेत. आपली श्रद्धा २२ कॅरेटवर. २२ कॅरेटमध्ये इतर धातूला जागा फक्त ८.४ टक्के, तेवढ्यात सोन्याचा पिवळेपणा मरत नाही. पांढरं सोनं म्हटलं की १८ किंवा १४ वर उतरावंच लागतं. आणि चौदा कॅरेट हा शब्द इथे एक जखम घेऊन येतो. चीनशी युद्ध झाल्यावर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि १४ कॅरेटच्या वर दागिने घडवायला बंदी केली. हजारो सोनारांचा धंदा बसला. काहींनी जीव दिला. हाताला बावीसची सवय असलेल्या कारागिराला चौदाचा कडक धातू परका होता, आणि गिऱ्हाईक तर त्याच्याकडे बघेना. १९६६ मध्ये ही अट उठली, पण १४ कॅरेट म्हणजे सरकारने लादलेलं, कमअस्सल, ही भावना एका पिढीच्या मनात राहिली असं आम्हाला वाटतं. गंमत म्हणजे पुढे मुंबईतच, अंधेरीच्या सीप्झमध्ये, अमेरिकेसाठी १४ आणि १८ कॅरेटचे हिऱ्यांचे दागिने मोठ्या प्रमाणावर घडू लागले. बाहेरची बाजारपेठ घरच्या बाजाराच्या आधी आली.

दुसरं कारण कसोटीचं. आपल्या सराफाची सगळी विद्या कसाच्या दगडावरच्या पिवळ्या रेघेत. बावनकशी हा शब्द त्यातूनच आपल्या बोलण्यात आला. पांढऱ्या सोन्याची रेघ पिवळी नसते; डोळा तिथे फसतो. त्यामुळे इथे विश्वास ठेवायचा तो हॉलमार्कवर. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क भारतात २००० पासून आहे, २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्यावर ७५० किंवा ५८५ हा आकडा असतो. तो सोनं किती ते सांगतो. उरलेल्यात निकेल आहे की पॅलॅडियम, हे सांगत नाही. ते बिलावर लिहून मागायचं, आणि मुलामा आहे का हेही. वजनाचंही विचारा : निकेलच्या पांढऱ्या सोन्याची घनता १४.६ च्या आसपास, दागिन्याच्या प्लॅटिनमची २० च्या वर. इथे पाच ग्रॅम भरणारी अंगठी प्लॅटिनममध्ये जवळपास सात ग्रॅम भरते.

उरलं ते मोडीचं. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई मंडळी देशभर सराफ कट्ट्यांवर सोनं-चांदी गाळण्याचं काम करतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. या धंद्यात पांढरं सोनं म्हणजे जास्तीचं काम. शिशाबरोबर तावलं तर निकेल सहजी निघत नाही, वर मळी धरून बसतं. नायट्रिक आम्लात सरळ टाकलं तर आतलं सोनं बाकीच्यांना सोडत नाही. आधी चांदी मिसळून सोन्याचा वाटा चौथाईवर आणावा लागतो, मग आम्ल आत शिरतं. आणि तेव्हा आम्लाचा रंगच सांगतो की मूळ मिश्रण कोणत्या जातीचं होतं. हिरवट झालं तर निकेल, नारिंगी-तपकिरी झालं तर पॅलॅडियम. तळाशी उरते ती मातकट तपकिरी भुकटी. ती धुवायची, वाळवायची, मुशीत घालून वितळवायची. बाहेर येतं ते पिवळं सोनं.